खिशात मावणारे खेळ

बहुतेक शाळांच्या कपाटात, जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून केलेली पत्त्यांची एखादी गड्डी सापडते. त्यावर स्केचपेनने अपूर्णांक लिहिलेले असतात, नाहीतर मूलद्रव्यांच्या संज्ञा किंवा समानार्थी शब्द. कोणा शिक्षकाने कधीतरी वर्गासाठी हा खेळ तयार केलेला असतो. तो कसा खेळायचा हे त्या शिक्षकाला ठाऊक असते आणि त्या वर्षीच्या मुलांनाही. शिक्षकांची बदली झाली, मुले पुढच्या वर्गात गेली की गड्डी उरते आणि खेळ मात्र संपतो. पत्त्यांवर लिहिलेले वाचता येते, पण त्यांचे करायचे काय हे सांगणारे कोणी नसते.

विज्ञानात असे झाले तर आपण म्हणतो की प्रयोग झाला, पण प्रसिद्ध झाला नाही. दुसऱ्या गावच्या, अनोळखी माणसाने नुसते लिखाण वाचून तोच प्रयोग केला आणि त्याला तेच दिसले, तरच तो प्रयोग विज्ञानात जमा होतो. खेळाचेही तसेच आहे. खेळ प्रकाशित करणे म्हणजे दुकानात मांडणे एवढेच नव्हे. कर्त्याच्या गैरहजेरीतही तो खेळता येईल, अशी व्यवस्था करणे. ही व्यवस्था एकटी व्यक्तीही करू शकते, विशेषतः खेळ लहान असेल तर. गेल्या काही दशकांत जगभर अनेकांनी खिशात मावतील असे खेळ स्वतः रचले, स्वतःच छापले आणि विकले. त्यांतले दोन खेळ आपण तपासून पाहू. मग अशा खेळामागचे गणित, कागद आणि पैसा यांचा हिशेब मांडू.

कुत्र्यांच्या नोंदींतून निघालेला खेळ

१९७४ साली मार्शा फाल्को या जनुकशास्त्रज्ञ इंग्लंडमधील केंब्रिज येथे संशोधन करत होत्या. जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांना होणारा अपस्माराचा विकार आनुवंशिक आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक कुत्र्याची माहिती त्या एकेका कार्डावर लिहीत. माहितीचे बरेच तुकडे पुनःपुन्हा येत असल्याने शब्दांऐवजी त्या खुणा काढू लागल्या. कार्डे शेजारी शेजारी ठेवून पशुवैद्यांना समजावून सांगताना त्यांना जाणवले, की कोणत्या कार्डांत काय समान आणि काय वेगळे हे शोधण्यातच मोठी गंमत आहे. त्यातून 'सेट' हा पत्त्यांचा खेळ जन्मला.

पुढची कित्येक वर्षे हा खेळ घरात आणि मित्रमंडळींतच खेळला गेला. १९९० साली फाल्को कुटुंबाने स्वतःची छोटी कंपनी काढून तो प्रकाशित केला. म्हणजे कल्पना आणि प्रकाशन यांमध्ये १६ वर्षे गेली. आज हा खेळ जगभर खेळला जातो आणि गणिताच्या वर्गातही वापरला जातो.

खेळ असा आहे. प्रत्येक पत्त्यावर काही आकृत्या असतात. त्यांचे चार गुण: आकार, संख्या, रंग आणि भरण (आकृती भरीव, रेघांची की पोकळ). प्रत्येक गुणाचे तीन प्रकार. म्हणून एकूण पत्ते ३ × ३ × ३ × ३ = ८१. बारा पत्ते उघडे मांडायचे आणि त्यांतून 'त्रिकूट' शोधायचे. त्रिकुटाची अट एकच: कोणताही गुण घेतला तर तो तिन्ही पत्त्यांत सारखा तरी असावा, नाहीतर तिन्हींत वेगवेगळा असावा. दोन सारखे आणि एक वेगळा, असे कोठेही चालत नाही. ज्याला त्रिकूट आधी दिसेल त्याने ते उचलायचे. येथे पाळी नाही आणि फासाही नाही.

नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी

वर्गात समजावून घ्यायला हा खेळ थोडा लहान करू या. रंग काढून टाकू. उरले तीन गुण: आकार (वर्तुळ, त्रिकोण, चौकोन), संख्या (१, २, ३) आणि भरण (पोकळ, रेघांचे, भरीव). पत्ते झाले २७. रंग गेल्याचे दोन फायदे आहेत. पत्ते साध्या झेरॉक्सवर काढता येतात. आणि ज्या मुलांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, तीही बरोबरीने खेळू शकतात.

आता कोणतेही दोन पत्ते घ्या. समजा, एकावर १ पोकळ वर्तुळ आहे आणि दुसऱ्यावर २ पोकळ त्रिकोण. त्रिकूट पुरे करणारा तिसरा पत्ता कोणता? संख्या वेगळ्या आहेत, म्हणून तिसरी संख्या ३. भरण सारखे आहे, म्हणून तिसराही पोकळ. आकार वेगळे आहेत, म्हणून तिसरा चौकोन. उत्तर: ३ पोकळ चौकोन. असा पत्ता गड्डीत आहे आणि तो एकच आहे. कोणत्याही दोन पत्त्यांना तिसरा सोबती नेमका एकच असतो. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, या भूमितीतल्या विधानाचा हा सख्खा भाऊ आहे.

यावरून गड्डीतली एकूण त्रिकुटे मोजता येतात. २७ पत्त्यांतून २७ × २६ ÷ २ = ३५१ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे एक त्रिकूट; पण एका त्रिकुटात तीन जोड्या असल्याने प्रत्येक त्रिकूट तीनदा मोजले गेले. म्हणून त्रिकुटे ३५१ ÷ ३ = ११७. पूर्ण ८१ पत्त्यांत याच रीतीने १०८० त्रिकुटे निघतात.

खेळ रचणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: टेबलावर किती पत्ते उघडे ठेवावेत? फार कमी ठेवले तर त्रिकूट सापडणारच नाही आणि खेळ अडकेल. फार जास्त ठेवले तर कोठेही बोट ठेवले तरी त्रिकूट मिळेल आणि शोधण्याची मजा जाईल. येथे गणित मदतीला येते. २७ च्या गड्डीत दोन पत्ते उचलले की उरतात २५, आणि त्यांतला एकच योग्य. म्हणजे सहज उचललेले तीन पत्ते त्रिकूट असण्याची शक्यता २५ त १. सहा पत्ते मांडले तर त्यांतून तीन-तीनचे २० गट होतात; म्हणून सरासरी २० ÷ २५ = ०.८ त्रिकूट. सात पत्त्यांत ३५ गट, म्हणजे सरासरी १.४. आठ पत्त्यांत ५६ गट, सरासरी २.२४. नऊ पत्त्यांत ८४ गट, सरासरी ३.३६. मूळ खेळात ८१ पैकी १२ पत्ते मांडतात. तेथे २२० गट होतात, शक्यता ७९ त १, म्हणून सरासरी सुमारे २.८. तेव्हा आपल्या छोट्या गड्डीसाठी आठ-नऊ पत्ते योग्य ठरतील, हे एकही डाव न खेळता सांगता येते.

पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. आठ पत्त्यांत एकही त्रिकूट नाही, असेही होऊ शकते. उदाहरणार्थ, त्रिकोण असलेले, संख्या २ असलेली आणि रेघांचे भरण असलेले सगळे पत्ते बाजूला काढा. उरतात २ × २ × २ = ८ पत्ते. त्यांत प्रत्येक गुणाचे दोनच प्रकार असल्याने 'तिन्ही वेगळे' होऊच शकत नाही. आणि सगळेच गुण सारखे असलेले तीन पत्ते गड्डीत नाहीत. म्हणून त्रिकूटही नाही. मग त्रिकूट नसलेले जास्तीत जास्त किती पत्ते घेता येतील? आठ? नाही, नऊ. ते नऊ कोणते, हे मुलांना शोधायला द्यावे. दोन तासिका आनंदात जातील. दहावा पत्ता ठेवला की मात्र त्रिकूट सापडणारच.

पूर्ण ८१ पत्त्यांसाठी ही मर्यादा २० आहे. म्हणजे २१ पत्ते उघडे असतील तर त्यांत किमान एक त्रिकूट असतेच. गंमत अशी, की इटलीतले गणिती ज्युसेप्पे पेलेग्रिनो यांनी हे १९७१ सालीच सिद्ध केले होते. तेव्हा हा खेळ अस्तित्वातही नव्हता. ते भूमितीतल्या बिंदूंचा विचार करत होते. दोन गुणांच्या ९ पत्त्यांसाठी मर्यादा ४, तीन गुणांसाठी ९, चार गुणांसाठी २०, पाच गुणांसाठी ४५, सहा गुणांसाठी ११२. या आकड्यांतून साधे सूत्र निघत नाही. एक गुण वाढला की एकूण पत्ते तिप्पट होतात. मग त्रिकूट नसलेला गट कितीपट वाढतो? जॉर्डन एलेनबर्ग आणि डियॉन खायस्वाइट या गणितींनी २०१६ साली दाखवले, की गुण वाढत जातात तशी ही वाढ दर गुणामागे सरासरी २.७५६ पटीच्या वर टिकू शकत नाही. शाळेतला सहावीचा मुलगा जो खेळ पाच मिनिटांत शिकतो, त्याच्या पोटात असा प्रश्न दडलेला असतो.

सोळा पानांत राजवाडा

ज्याला सगळ्या शक्यता हव्यात त्याला ८१ पाने लागतात. पण सोळा पानांतही खेळ बसतो. जपानचे सेइजी कानाई यांनी २०१२ साली 'लव्ह लेटर' हा खेळ रचून स्वतःच छापला आणि टोकियोत भरणाऱ्या 'गेम मार्केट' या खेळांच्या जत्रेत विकला. पुढे अमेरिकेतील प्रकाशकाने तो घेतला आणि तो जगभर पोचला. राजवाड्यातल्या राजकन्येपर्यंत आपले पत्र पोचवायचे, अशी त्याची गोष्ट आहे.

पानांना १ ते ८ असे दर्जे आहेत. मूळ गड्डीत सर्वांत खालचा पहारेकरी ५ वेळा येतो. २ ते ५ या दर्जांची पाने प्रत्येकी २. आणि ६, ७, ८ ही वरची पाने एकेकच. ५ + ८ + ३ = १६. एक पान कोणालाही न दाखवता बाजूला ठेवतात. प्रत्येक भिडूच्या हाती एकच पान असते. आपल्या पाळीला एक पान ओढायचे आणि दोहोंपैकी एक उघडे खाली ठेवायचे. खाली ठेवलेल्या पानाचा जो हुकूम असेल तो पाळायचा. पहारेकरी ठेवला तर दुसऱ्या भिडूच्या हातचे पान ओळखायचे. बरोबर ओळखले तर तो डावातून बाद. फक्त 'पहारेकरी' असे म्हणायला मनाई आहे.

एवढ्याशा गड्डीत खेळ कशाने रंगतो? माहितीने. समजा, चार भिडूंच्या डावात आपली पहिलीच पाळी आहे. आपल्याकडे एक पहारेकरी आणि एक ५ दर्जाचे पान आहे. न दिसलेली पाने १४. आपण '३' असे म्हटले, तर ३ दर्जाची पाने २ असल्याने बरोबर येण्याची शक्यता १४ त २, म्हणजे ७ त १. आता डाव पुढे गेला. दहा पाने दिसून गेली आणि त्यांत ३ दर्जाचे एकही नव्हते. न दिसलेली पाने ६, त्यांत ३ दर्जाची २. तोच अंदाज आता ३ त १ झाला. प्रत्येक पानागणिक छेद लहान होत जातो आणि लक्ष देऊन पाहणारा पुढे जातो. सोपाधिक संभाव्यता हे भारदस्त नाव न घेताही मुले ती वापरू लागतात. मेंढीकोटात कोणता हुकूम पडून गेला हे लक्षात ठेवणाऱ्यांना हे नवे नाही. फरक इतकाच, की ५२ पानांत ते काम अवघड असते आणि १६ पानांत दहा वर्षांच्या मुलालाही जमते.

लहान खेळाचे बळ हेच. पाने कमी असतील तर प्रत्येक पानाला काम असते. भरतीचे पान लगेच उघडे पडते.

कागद काय म्हणतो

आता छपाईकडे वळू. खेळात किती पाने असावीत हे रचनाकार ठरवतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यात कागदाचाही शब्द चालतो.

पत्त्यांचे एक प्रचलित माप ६३ × ८८ मि.मी. आहे. ए-४ कागद २१० × २९७ मि.मी.चा असतो. आडवे तीन पत्ते १८९ मि.मी., उभे तीन २६४ मि.मी. म्हणजे एका कागदावर नऊ पत्ते बसतात आणि चारही बाजूंना एक ते दीड सें.मी. समास उरतो. आता आपल्या त्रिकुटाच्या खेळाकडे पहा. दोन गुणांचे ९ पत्ते म्हणजे एक कागद, तीन गुणांचे २७ म्हणजे तीन कागद, चार गुणांचे ८१ म्हणजे नऊ कागद. एकही जागा वाया जात नाही.

डिजिटल छपाईच्या दुकानात १२ × १८ इंची कागद सर्रास वापरतात. तो सुमारे ३०५ × ४५७ मि.मी. भरतो. येथे एक अडचण असते. कापताना पाते केसभर इकडेतिकडे सरकते, म्हणून पत्त्याचा रंग चारही बाजूंना ३ मि.मी. बाहेरपर्यंत पसरवून छापावा लागतो. म्हणजे एका पत्त्याला जागा लागते ६९ × ९४ मि.मी. पत्ते आडवे ठेवले तर कागदाच्या रुंदीत तीन (२८२ मि.मी.) आणि लांबीत सहा (४१४ मि.मी.) बसतात. एकूण १८. पत्ते उभे ठेवून पाहिले तर रुंदीत चार येतात, पण लांबीतही चारच, म्हणजे १६. तेव्हा १८ हाच आकडा किफायतशीर ठरतो. एकोणिसावे पान हवे असेल तर दुसरा कागद लागतो आणि खर्च जवळजवळ दुप्पट होतो. नेहमीचा पत्त्यांचा जोड दोन जोकरांसह ५४ पानांचा असतो, आणि ५४ म्हणजे १८ ची तिप्पट. अमेरिकेतील 'बटन शाय' ही छोटी प्रकाशनसंस्था पैशाच्या पाकिटासारख्या प्लॅस्टिकच्या पाकिटात अठरा पानी खेळ विकते.

छपाई नसलेल्या कलेला हे बंधन नव्हते. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० पानांचा असतो: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात १ ते १० आणि वर राजा व प्रधान, म्हणजे १० × १२. ही गोल पाने एकेक हाताने रंगवतात. तेथे कागदावर किती बसतील हा प्रश्न नाही. चित्रकाराचा हात हीच मर्यादा.

अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे जेम्स अर्नेस्ट यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'चीपअ‍ॅस गेम्स' या संस्थेने काटकसरीची आणखी एक वाट दाखवली. घरोघरी फासे आणि सोंगट्या असतातच, मग त्या पुन्हा विकत कशाला द्यायच्या? त्यांचे सुरुवातीचे खेळ साध्या लिफाफ्यात, एका रंगात छापलेल्या पत्त्यांसह मिळत. फासे-सोंगट्या घरच्याच घ्यायच्या. आपल्याकडे चिंचोके, कवड्या, बटणे कोणत्या घरात नसतात?

साहित्याबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. साधा झेरॉक्सचा कागद पारदर्शक असतो. समोरच्या पानावरचे पाठीमागून दिसते. म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवावा किंवा ३०० जीएसएमच्या आर्टकार्डावर छापून घ्यावे. दुसरी गोष्ट पत्त्याच्या पाठीची. पाठ गडद एकरंगी केली तर कडा घासून पांढऱ्या होतात आणि काही दिवसांत खुणेची पाने ओळखू येऊ लागतात. पाठीवर बारीक नक्षी असावी आणि तिच्याभोवती पांढरी चौकट सोडावी. पत्त्याची जाडी तृतीयांश मि.मी. धरली, तर २७ पत्त्यांची थप्पी ९ मि.मी. भरते. सदऱ्याच्या खिशात ती सहज मावते.

पैशाचे गणित

खेळ छापणाऱ्याच्या खिशाला खरा धोका येथे असतो. छपाईचे दोन मार्ग आहेत. ऑफसेटमध्ये प्लेट करणे आणि यंत्र लावणे हा खर्च आधीच करावा लागतो, मग एक प्रत काढा की हजार. पुढे दर प्रतीचा खर्च मात्र कमी येतो. डिजिटल छपाईत सुरुवातीचा खर्च जवळजवळ नाही, पण दर प्रत महाग.

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. प्रत्यक्ष दर गावोगावी वेगळे असतील. ऑफसेटचा स्थिर खर्च ६००० रुपये आणि दर प्रतीला २० रुपये. डिजिटलला दर प्रतीला ७० रुपये. प्रती 'न' असतील तर दोन्ही खर्च कधी सारखे होतील? ६००० + २०न = ७०न. म्हणून न = १२०. त्याहून कमी प्रती हव्या असतील तर डिजिटल स्वस्त, जास्त हव्या असतील तर ऑफसेट. एकचल समीकरणाचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचित मिळते.

पण गोष्ट येथे संपत नाही. छापलेली प्रत आणि विकलेली प्रत यांत फरक असतो. समजा, ऑफसेटवर ५०० प्रती छापल्या. खर्च १६,००० रुपये, म्हणजे दर प्रत ३२ रुपये. किंमत १०० रुपये ठेवली. कागदावर घसघशीत फायदा दिसतो. प्रत्यक्षात १६० प्रती विकल्या जाईपर्यंत एक रुपयाही सुटत नाही. चाळीसच विकल्या गेल्या तर १२,००० रुपये अडकले आणि ४६० प्रती माळ्यावर गेल्या. त्याच चाळीस प्रती मागणीप्रमाणे डिजिटलवर काढल्या असत्या तर दर प्रतीला ३० याप्रमाणे १२०० रुपये हाती राहिले असते. पगारदार शिक्षकाला हा फरक सोसण्याजोगा नसतो. म्हणून पहिली आवृत्ती वीस-पंचवीस प्रतींची असावी आणि ती कोणाला देणार त्यांची नावे छपाईआधी लिहून काढावीत, असे आमचे सांगणे आहे. दर प्रत महाग पडली तरी एकूण धोका लहान राहतो.

मुकी चाचणी

छपाईआधीचे सर्वांत मोठे काम चाचणीचे. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे असल्याने आम्हाला यात प्रयोगाचे सगळे नियम दिसतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन नियम एकदम बदलले आणि खेळ सुधारला, तर कोणत्या बदलाने सुधारला ते कळत नाही. प्रत्येक डावाची नोंद ठेवायची: भिडू किती, वेळ किती लागला, कोण जिंकले, पहिली पाळी कोणाची होती, कोणत्या नियमापाशी मुले अडली.

पहिल्या पाळीचा फायदा मिळतो का, हे बघणे फार महत्त्वाचे. दोन भिडूंचा खेळ २० वेळा खेळला आणि १४ वेळा पहिली पाळी असलेला जिंकला, तर खेळ एकतर्फी आहे असे म्हणावे का? नाणे २० वेळा उडवले तर १४ किंवा जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ६ असते. म्हणजे संशय घ्यायला जागा आहे, निकाल द्यायला नाही. आणखी २० डाव खेळावेत. एकूण ४० पैकी २८ वेळा पहिलाच जिंकला, तर तशी शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. आता नियम बदलायला हवा; उदाहरणार्थ, दुसऱ्या भिडूला सुरुवातीला एक पान जास्त द्यावे.

शेवटची आणि सर्वांत कठीण चाचणी म्हणजे कर्त्याने गप्प बसणे. आम्ही तिला मुकी चाचणी म्हणतो. ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशा मुलांच्या हाती गड्डी आणि नियमांचा कागद द्यावा आणि आपण कोपऱ्यात वही घेऊन बसावे. मुले चुकीचे खेळत असली तरी बोलायचे नाही. शिक्षकाला हे फार जड जाते, कारण समजावून सांगणे हा त्याचा धर्म. पण प्रकाशित झालेल्या खेळाबरोबर शिक्षक जात नाही. मुले जेथे अडली तेथे नियमाचे वाक्य दुबळे आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना दोष देऊन उपयोग नाही.

नियमांच्या कागदाने सहा प्रश्नांची उत्तरे द्यायलाच हवीत: किती जणांनी खेळायचे, मांडणी कशी करायची, पाळीला काय करायचे, डाव कधी संपतो, कोण जिंकतो, आणि बरोबरी झाली किंवा गड्डी संपली तर काय. हे सगळे पत्त्याएवढ्या दोन पानांत मावत नसेल, तर नियम कमी करावेत. अक्षर बारीक करू नये.

खेळ कोणाचा?

एक प्रश्न नेहमी येतो: माझा खेळ कोणी उचलला तर? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ (एम) प्रमाणे खेळ खेळण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मात्र तुम्ही लिहिलेला नियमांचा मजकूर आणि काढलेली चित्रे यांना संरक्षण मिळते, आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. थोडक्यात, कल्पना सर्वांची, मांडणी ज्याची त्याची. हे बंधन आपल्यावरही आहे. दुसऱ्याच्या खेळाचे नाव, चित्रे किंवा मजकूर घेऊन आपली आवृत्ती विकता येणार नाही. वर दिलेला २७ पत्त्यांचा खेळ वर्गात शिकण्यासाठी करावा. प्रकाशित करायचा तो स्वतःचा.

करून पहा

तीन ए-४ कागदांवर प्रत्येकी नऊ चौकटी आखा. पहिल्या कागदावर पोकळ, दुसऱ्यावर रेघांच्या, तिसऱ्यावर भरीव आकृत्या काढा. आडव्या ओळींत आकार बदला, उभ्या ओळींत संख्या. झेरॉक्स काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, पिसा. नऊ पत्ते मांडून खेळा.

मग पुढील प्रश्न सोडवा. (१) कागद कापण्याआधी एकाच कागदावरची त्रिकुटे मोजा. ती १२ भरायला हवीत. का? (२) त्रिकूट नसलेले चार पत्ते एका कागदावर शोधा. पाचवा का सापडत नाही? (३) तिन्ही कागद मिळून त्रिकूट नसलेले नऊ पत्ते शोधा. (४) तुमच्या विषयात ज्याला तीन गुण आणि प्रत्येकाचे तीन प्रकार आहेत असे काही सापडते का? लिंग, वचन, विभक्ती? खडक, खनिजे, पाने? सापडले तर तुमच्या खेळाची पहिली गड्डी तयार होईल. तिच्यासोबत नियमांचा कागद लिहा आणि तो शेजारच्या शाळेतल्या मुलांकडे पाठवा. तुम्ही मात्र सोबत जाऊ नका. गड्डी परत येईल तेव्हा तिचे कोपरे दुमडलेले असतील आणि मुले 'अजून एक डाव' म्हणत असतील, तर खेळ प्रकाशित झाला असे खुशाल समजावे.